पूर्वेच्या कोपऱ्यातली माती

॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
ता. २२ सप्टेंबर १९५७

ती. सौ. उर्मिलाताईस,
गुरुदत्तचा शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र परवा पोचले. आईला दोनदा वाचून दाखवले. तू पुन्हा ‘आर्शिवाद’ असे लिहिले आहेस. रफार ‘वा’वर असतो आणि ‘शी’ दीर्घ. चुकीचा लिहिलेला आशीर्वाद लागू होतो की नाही कोण जाणे, म्हणून आपले सांगितले.

आईचे गुडघे तसेच आहेत. जिना चढताना ती मधल्या वळणावर थांबते, आणि थांबलो आहोत हे कोणाला कळू नये म्हणून गंगुबाईंच्या दारात बोलत उभी राहते. त्यामुळे चाळीतली बातमी आमच्याकडे सर्वांत आधी येते आणि आमच्याकडून सर्वांत आधी बाहेरही जाते.

आता मुख्य बातमी. दादरच्या आपल्या सोसायटीच्या जागेची माती तपासायला आमच्याच लॅबमध्ये आली आहे! मनमोहनकाका चिटणीस आहेत, त्यांना ठाऊकही नव्हते की मी तिथे कामाला आहे. त्यांना वाटत होते मी अजून छापखान्यातच खिळे जुळवतो. कमलाकांतरावांना सांग, तुमचा ब्लॉक इमारतीच्या पूर्वेच्या अंगाला, पहिल्या मजल्यावर, आणि त्याच्या खालची माती मी या हातांनी डब्यातून काढून पाहिली.

काम कसे चालते ते तू विचारले होतेस. कुशाबा मुकादम त्याची माणसे घेऊन जागेवर आठ ठिकाणी बोअर घेतो. दर चार-पाच फुटांवरच्या मातीच्या पुड्या करून त्या बोअरच्या एका डब्यात भरतो, वर खडूने बोअरचा आकडा घालतो आणि डबे लोअर परळला पाठवतो. चिखलाने खडू पुसट होतो, म्हणून मी डबे पुसून नव्या चिठ्ठ्या लावतो. पुढे वैद्यनाथन म्हणून माटुंग्याचा एक मद्रासी आहे, तो माती भट्टीत वाळवतो, तोलतो, आणि ओल्या मातीला पितळी वाटीत चीर पाडून, किती ठोक्यांनी ती चीर मिटते ते मोजतो. हात घड्याळासारखा चालतो, हे कबूल करायला हवे. तो वहीत मांडतो, कीर्तने साहेब अहवाल करतात, आणि त्यावरून पाया किती खोल न्यायचा ते ठरते.

गणपतीपासून मी चिठ्ठ्या मराठी आकड्यांत लिहायला लागलो आहे. पुढच्या पत्रापासून पाकिटावरचा तुझा पत्ताही तसाच घालीन. पूर्वी सगळे इंग्रजीत चाले. संयुक्त महाराष्ट्रासाठी इतकी माणसे गेली आणि आपण आपला आकडासुद्धा लिहू नये? पहिल्याच दिवशी वैद्यनाथनने चिठ्ठी हातात धरून हे काय आहे म्हणून विचारले. मी म्हटले, नऊ वर्षे मुंबईचा भात खाल्ला, आता मुंबईचे आकडे शिकून घ्या. सगळे हसले, कुशाबा तर खोकेपर्यंत. तोही हसला. पुन्हा काही विचारले नाही.

पण तेव्हापासून तो गप्प असतो आणि खणाला कुलूप लावतो. आधी लावत नसे. मला हे बरे दिसत नाही.

लोभ आहे तो असाच राहू दे, आणि पुढच्या पत्रात रफार जागेवर असू दे.

तुझा,
गुरुदत्त


॥ श्री ॥
मैलापूर, मद्रास
ता. १ ऑक्टोबर १९५७

चि. गुरुदत्त यास,
अनेक आशीर्वाद. (बघ, या वेळी यांच्याकडून तपासून घेतला आहे.)

तू पत्राला उत्तर पाठवत नाहीस, पत्र तपासून परत पाठवतोस. मी तुझी बहीण आहे, तुझ्या हाताखालचा उमेदवार नव्हे. तरी तुझे अक्षर पाहून जीव निवतो. इथे मराठी अक्षर म्हणजे तुझे पत्र आणि डब्यावर चिकटलेला गोडा मसाल्याचा कागद, एवढेच.

ब्लॉकची बातमी ऐकून हे फार खूश झाले. बँकेने मद्रासला टाकल्यापासून यांच्या तोंडी एकच, दोन वर्षांनी बदली मागायची आणि आईंना दादरला आपल्याजवळ आणायचे. पहिला मजला तिच्याच गुडघ्यांसाठी मागून घेतला.

आता तुझ्या त्या वैद्यनाथनविषयी. माणूस गप्प झाला यात तुला नवल कसले वाटते? चारचौघांत हसून घेतल्यावर कोण गप्पा मारायला येईल? इथे मी बाजारात जाते ती मुकीच. बोटे दाखवून भाजी घेते. परवा कोथिंबीर मागायला गेले आणि माझे काय चुकले कोणास ठाऊक, भाजीवालीने ओटीत आणखी चार मिरच्या टाकल्या आणि शेजारणीला काहीतरी सांगून हसली. मला घरी येईपर्यंत वाटत राहिले की माझ्या नाकाला हसली. मग शेजारच्या मामींनी सांगितले की ती म्हणत होती, ही पोर सुकली आहे, माहेरची आठवण येत असेल. मामी थोडे हिंदी बोलतात म्हणून कळले. नाहीतर मी त्या बाईवर जन्मभर दात धरून बसले असते.

तुझा स्वभाव मला माहीत आहे. मराठी चौथीत तुला शुद्धलेखनात एक मार्क कमी पडला, तेव्हा मास्तरांना शेजारच्या मुलाच्या बापाने आंबे दिले असा शोध तू लावला होतास. मार्क कमी पडला होता तो तू नाव लिहायला विसरलास म्हणून.

त्याच्या घरी कोण कोण आहे? खणाच्या कुलपाऐवजी ते विचार.

मायेला कधी तूट आली नाही, पुढेही यायची नाही.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
ता. ७ ऑक्टोबर १९५७

ती. सौ. उर्मिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

हे पत्र वाचून झाल्यावर कमलाकांतरावांखेरीज कोणाला दाखवू नकोस.

अहवाल टाइप होऊन आला. कार्बन प्रत फायलीला लावताना मी वाचली. बोअर नंबर चार: सहा फुटांवर मुरूम, त्याखाली खडक, पाया उथळ चालेल. बोअर नंबर आठ: बावीस फुटांपर्यंत काळी मऊ चिकण.

ताई, हे उलटे आहे! आठ नंबरचा बोअर पश्चिमेचा, चार नंबरचा पूर्वेच्या कोपऱ्यातला. तिथे पूर्वी तळे होते, ते भरून काढले, असे कुशाबानेच सांगितले होते. त्या डब्यातली काळी माती माझ्या नखांत तीन दिवस होती. तिला खाडीचा वास होता आणि आत बारीक शिंपल्या होत्या. आई म्हणाली सुद्धा, की बोंबलांच्या टोपलीत हात घातला होतास काय.

तरी मी आठवणीवर विसंबलो नाही. तपासून उरलेली माती महिनाभर फळीवर ठेवतात. जेवणाच्या सुट्टीत चार नंबरची चिठ्ठी असलेला डबा काढला. चिठ्ठी माझ्या हातची. आत काळी चिकण, शिंपल्यांसकट. मग वैद्यनाथनची वही उघडली. तिथे चारपुढे मुरूम, आठपुढे चिकण. म्हणजे डब्यात एक आणि वहीत दुसरे. चूक एका ठिकाणी होते. त्याने दोन्ही जागी नेमकी अदलाबदल केली आहे. याला चूक म्हणत नाहीत.

आणखी ऐक. गेल्या गुरुवारी मी हिंदमाताजवळ आईसाठी लुगडे पाहायला गेलो होतो. समोरच्या फुटपाथवर वैद्यनाथन आणि मणी उभे. मणी म्हणजे ज्या कंत्राटदाराला पायाचे काम मिळणार आहे त्याचा देखरेखीचा माणूस. हाही मद्रासचाच. मणीने एक लांबट पुडके दिले, वैद्यनाथनने ते दोन्ही हातांनी घेतले, इकडे तिकडे पाहिले आणि शर्टाच्या आत घातले. दुसऱ्या दिवशी खणाला कुलूप होतेच.

पूर्वेला उथळ खणून मोकळे व्हायचे, पश्चिमेला खोल पाया कागदावर दाखवायचा. दोन्हीकडून कंत्राटदाराचा फायदा. आणि पूर्वेला राहणार कोण, तर तुम्ही आणि आई.

त्याच्या घरी आई, विधवा मावशी आणि तीन बहिणी आहेत. तू विचारलेस म्हणून चौकशी केली. मिळवता हा एकटा. म्हणजे गरजही आहे.

साहेबांना सांगावे की नाही? मी इंग्रजी पाचवीत शाळा सोडलेला माणूस, तो बी. एस्सी. झालेला. तुझ्या उत्तराची वाट पाहतो. उलट टपाली लिही.

लोभ तर हवाच, या वेळी सल्लाही हवा.

तुझा,
गुरुदत्त


॥ श्री ॥
मैलापूर, मद्रास
ता. १८ ऑक्टोबर १९५७

चि. गुरुदत्त यास,
अनेक आशीर्वाद.

तुझे सात तारखेचे पत्र मला आज मिळाले. अकरा दिवस! शिवाय पाकीट फोडून पुन्हा डिंकाने चिकटवलेले. कोणी दारातल्या फटीतून टाकून गेले. मी घाबरलेच.

पण पत्रातल्या मजकुराने अधिक घाबरले. हे म्हणतात की डबा आणि वही जुळत नाहीत हे साहेबांना सांगितलेच पाहिजे, त्यात दोन मते नाहीत. मी म्हणते, ते सांग, पण अदलाबदल कोणी केली ते तू ठरवू नकोस. डबा आणि वही दोन्ही त्या माणसापुढे ठेव आणि त्यालाच विचार. तोंडावर विचार. पाच बायकांच्या घरातला एकटा मिळवता आहे असे तू लिहितोस आणि पुढच्याच वाक्यात त्याचा पुरावा करतोस. तुझ्या एका शब्दावर त्याची नोकरी जाईल, गुरू. नंतर तो शब्द खोडरबराने खोडता येणार नाही.

पुडक्यात काय होते ते तू पाहिलेस का? शर्टात तर मी सुद्धा घातले असते, हिंदमाताला हातातले काही टिकते का!

आणि माझ्या गळ्याची शपथ, आईला यातले अक्षर सांगू नकोस. तिला सांगणे म्हणजे समितीच्या फळ्यावर खडूने लिहिणे.

सांभाळून राहा. तुझ्यावर माया करणारी माणसे थोडी आहेत, त्यांना घोर लावू नकोस.

तुझी,
ताई


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
ता. २२ ऑक्टोबर १९५७

ती. सौ. उर्मिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

उशीर झाला. पाच दिवस वाट पाहिली, तुझे उत्तर आले नाही, मग बारा तारखेला मी डबा आणि वही घेऊन साहेबांच्या खोलीत गेलो. पुडक्याचेही सांगितले. तू म्हणशील का सांगितलेस. साहेबांनीच विचारले की तो असे कशाला करील, तेव्हा कारण द्यायला नको का?

साहेबांनी चिठ्ठी पाहिली, वही पाहिली. वैद्यनाथनला आत बोलावले तेव्हा डबा टेबलाखाली होता आणि मी दाराबाहेर होतो. आतले ऐकू आले ते एवढेच, की चार नंबरपुढे हे कुणाच्या सांगण्यावरून लिहिले असे साहेबांनी विचारले, आणि तो म्हणाला की चिठ्ठीवर जे लिहिले होते तेच मी लिहिले, दुसरे काही लिहिलेले नाही. साहेबांना तो उर्मटपणा वाटला. मलाही. चौकशी होईपर्यंत घरी बसा असे सांगितले. त्याने चाळण्या धुऊन उपड्या घातल्या, वाटी पुसली आणि गेला. माझ्याकडे पाहिले नाही.

आता पत्र फोडल्याचे मला स्पष्टच दिसते आहे. मी ते लॅबजवळच्या पेटीत टाकले होते, आणि तो रोज त्याच वाटेने स्टेशनला जायचा. पेटीवाल्या शिपायाशी ओळख असणे कठीण नाही. पुढे मी चिंचपोकळीच्या पेटीत टाकीन. हे पत्रही कसे पोचते ते नीट पाहून कळव. डिंक कोणत्या रंगाचा आहे तेसुद्धा.

आईला सांगितले गेले. तिने विचारले की जेवत का नाहीस. मग गंगुबाईंना कळले. मनमोहनकाका चहाला आले, त्यांनी परवाच्या सोसायटीच्या सभेत सांगितले. माझे नाव घेऊन सांगितले, ताई. सदतीस सभासदांनी टाळ्या वाजवल्या. चाळीत आता अशी गोष्ट झाली आहे, की मराठी माणसांची इमारत खाडीत घालायला निघालेला मद्रासी गुरुदत्तने पकडला. तळमजल्यावरच्या मालनच्या नवऱ्याने मला पेढा भरवला.

मला आनंद व्हायला हवा. भट्टीजवळ गेलो की नुसते चाळण्यांकडे लक्ष जाते.

लोभ कमी करू नकोस. उत्तर लवकर दे.

तुझा,
गुरुदत्त


॥ श्री ॥
मैलापूर, मद्रास
ता. २९ ऑक्टोबर १९५७

चि. गुरुदत्त यास,
अनेक आशीर्वाद.

मी रागावले आहे. तरी आशीर्वाद आधी लिहिला, कारण तो रागावरून ठरत नाही.

तुझे हेही पत्र फोडलेलेच आले. फोडणारा सापडला आहे. डिंक पांढरा आहे आणि तो आमच्याच गल्लीतल्या आठ नंबरच्या घरातला आहे. तिथे एक म्हातारे निवृत्त हेडमास्तर राहतात. काल संध्याकाळी ते स्वतः पाकीट घेऊन दारात उभे. बिचारे इतके ओशाळले होते! मामींना मध्ये घालून त्यांनी सांगितले की टपालवाल्याने दोन्ही खेपांना पत्र त्यांच्याकडेच टाकले. त्यांचा मुलगा आगगाडीवर मुंबईकडे असतो, म्हणून मुंबईचा शिक्का पाहून त्यांनी धीर न धरता फोडले. आत सगळी न कळणारी अक्षरे. मग हे कोणाचे म्हणून घरोघर विचारत फिरले. पहिल्या खेपेला तोंड दाखवायची लाज वाटली म्हणून फटीतून टाकून गेले होते.

आज टपालवाल्याला मी अडवले. आमचे घर चार, तू आठला कसे टाकतोस म्हटले. त्याने तुझे पाकीट माझ्या नाकापुढे धरले आणि आकड्यावर बोट ठेवले. एट, अम्मा, एट. मी पाहिले तर तू आपला मराठी चार काढला आहेस, तोही असा नटवा, वरची दोन टोके एकमेकांना मिळालेली. मी म्हटले हा फोर आहे. त्याने माझ्याकडे अशा दयेने पाहिले की मला घरात येऊन हसू आवरेना. हे म्हणाले, आपल्या देशाभिमानाचे टपाल हेडमास्तरांना जाते आहे, तेव्हा कृपा करून पत्ता इंग्रजीत घाल.

तेव्हा तुझा तो पेटीवाला शिपाई आणि माटुंग्याची टोळी विसर. वैद्यनाथनने तुझे पत्र फोडले नाही. निदान एवढा एक आरोप तरी त्याच्यावरून उतरव. आणि बाकीचे त्याला समोर बसवून विचारल्याशिवाय माझे समाधान होणार नाही.

रागातही माया आहेच. नसती तर पत्र कशाला लिहिले असते?

तुझी,
ताई


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
ता. ३ नोव्हेंबर १९५७

ती. सौ. उर्मिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

तुझे पत्र शुक्रवारी सकाळी जिन्यात वाचले. टपालवाल्याच्या मजकुरापर्यंत आलो आणि तिथेच पायरीवर बसलो. आईला वाटले चक्कर आली.

लॅबमध्ये जाऊन फळीवरचे आठही डबे काढले. चिठ्ठ्या एका रांगेत लावल्या आणि मराठी न येणाऱ्या माणसासारखे पाहायचा प्रयत्न केला. ते जमत नाही. आपल्याला चार हा चारच दिसतो. म्हणून चार नंबरची चिठ्ठी सोडवून टायपिस्ट डिसूझाबाईंच्या टेबलावर ठेवली आणि हा आकडा कोणता म्हणून विचारले. मान वर न करता त्या म्हणाल्या, आठ. मग खऱ्या आठाची चिठ्ठी ठेवली. त्यांनी ती उलटी करून पाहिली, सुलटी करून पाहिली आणि म्हणाल्या, हा आकडाच नाही, ही सुरी आहे.

म्हणजे असे झाले. काळ्या चिकणीचा डबा त्याने आठाचा धरला. बाकीचे सहा आकडे असेतसे जुळवले. उरला एक न कळणारा डबा आणि उरला एक आकडा चार. त्याने तो तिथे लिहिला. चिठ्ठीवर जे लिहिले होते तेच मी लिहिले, असे तो म्हणाला ते खरे होते. त्याने अदलाबदल केली नाही. माझ्या अक्षराने केली.

त्याने पहिल्याच दिवशी विचारले होते, ताई. मी सांगितले असते तर अर्धे मिनिट लागले असते.

त्याला घरी बसून तीन आठवडे झाले. चौकशी अजून सुरूच नाही, कारण साहेबांना ती नकोच आहे. चुकलेल्या अहवालाला एक गुन्हेगार मिळाला, सोसायटीचेही समाधान झाले. मी गप्प बसलो तर कोणाला कळणार नाही. पूर्वेच्या कोपऱ्यात कुशाबा पुन्हा बोअर घेणारच आहे, तेव्हा तुमच्या घराला धोका नाही. हे मी कालपासून स्वतःला सांगतो आहे. काल दोनदा साहेबांच्या दारापर्यंत गेलो आणि पाणी पिऊन परत आलो. माझी नोकरी गेली तर छापखान्यात पुन्हा घेतील असे वाटत नाही. आईला काय सांगू? पेढा भरवणाऱ्याला काय सांगू?

काय करायचे ते मला ठाऊक आहे. तरी तू लिही.

या वेळी लोभ मागायला संकोच वाटतो.

तुझा,
गुरुदत्त


तार
मद्रास, ता. ६ नोव्हेंबर १९५७

आजच सांग. मग जेव. उर्मिला.


॥ श्री ॥
गिरगाव, मुंबई
ता. १९ नोव्हेंबर १९५७

ती. सौ. उर्मिलाताईस,
शि. सा. न. वि. वि.

पत्ता इंग्रजी आकड्यात घातला आहे. हेडमास्तरांना माझा नमस्कार सांग.

तार हातात पडली त्याच दुपारी साहेबांकडे गेलो. चिठ्ठ्या टेबलावर मांडल्या आणि सगळे सांगितले, पहिल्या दिवशीचे बोलणेसुद्धा. साहेबांनी चष्मा काढला. म्हणाले की फ्लोरा फाउंटनच्या मोर्चात मीही होतो, पण डबे घेऊन गेलो नव्हतो. मला काढले नाही. चिठ्ठ्या मात्र काढून घेतल्या. आता मी डबे, चाळण्या आणि भट्टी धुतो, आणि मला लॅबमध्ये कशावरही काही लिहायचे नाही, अशी आज्ञा आहे. कुशाबा येता जाता विचारतो की मास्तर, फडक्याला काना आहे का. बोलू दे.

पूर्वेच्या कोपऱ्यात नवा बोअर झाला. बावीस फुटांपर्यंत तीच काळी माती. तिकडचा पाया आता खडकापर्यंत नेणार आहेत. उशीर होईल, पण आईचे घर नीट उभे राहील. कमलाकांतरावांना सांग.

साहेबांनी शिपाई पाठवून वैद्यनाथनला परत बोलावले. तो आला, कोटाच्या बाह्या दुमडल्या आणि वाटी पुसून कामाला लागला. मी त्याच्या आधीच्या रविवारी माटुंग्याला गेलो होतो. मी कोण ते त्याच्या आईला माहीत नव्हते. तिने मला कॉफी दिली, वर वाटीत आणखी ओतली. त्याने तिच्यादेखत काही सांगितले नाही. आम्ही खाली रस्त्यावर आलो.

पुडक्यात पत्रिका होत्या, ताई. त्याच्या मधल्या बहिणीचे मणीच्या पुतण्याशी जमत आले होते. पत्रिका जुळल्या होत्या, म्हणून दोन्ही हातांनी घेतल्या. बोलणी गणपतीपासूनच चालू होती; ऑफिसात लोक चौकशा करतात म्हणून ते कागद तो कुलपात ठेवी. सोसायटीच्या सभेतली गोष्ट कंत्राटदाराकडून मणीच्या घरी पोचली आणि मुलाकडच्यांनी पत्रिका परत मागून घेतल्या. मी मणीकडे जाऊन आलो. त्याने ऐकून घेतले. मुलाचे दुसरीकडे ठरले आहे.

वैद्यनाथन मला काही टाकून बोलला नाही. मी तुला विचारले होते, एवढेच म्हणाला. मी लेखी माफी लिहून आणली होती, सुवाच्य अक्षरात, ती त्याने हातात घेतली नाही. कागद पुरे झाले, म्हणाला. ज्या ज्या माणसांना तू माझे नाव सांगितलेस, त्या प्रत्येकाकडे जा आणि तोंडाने सांग. ताई, तुझ्याकडे मद्रासला येणे मला शक्य नाही, तेव्हा तुला हे कागदावर. त्याला मी तसे सांगून ठेवले आहे.

मनमोहनकाकांकडे गेलो. त्यांनी ऐकून घेतले आणि म्हणाले की आता सभेत पुन्हा हा विषय काढून आपलेच हसे करून घेण्यात अर्थ नाही, झाले ते झाले. मी म्हटले की टाळ्या सभेत वाजल्या होत्या. तेव्हा त्यांनी मला डिसेंबरच्या सभेला यायला सांगितले आहे, पण तोंडावरून दिसत होते की बोलावणे येणार नाही. मी न बोलावता जाईन.

चाळीत चोवीस खोल्या. परवापासून रोज संध्याकाळी जातो आहे. सांगायला सोपे असेल असे वाटले होते. चिठ्ठीवर चार काढून दाखवायचा, हा परक्याला आठ दिसतो म्हणायचे, की झाले. पण ताई, आपल्या माणसांना तो आठ दिसतच नाही! मालनचा नवरा चिठ्ठी दिव्याखाली धरून म्हणाला की एवढा स्वच्छ चार ज्याला वाचता येत नाही तो बी. एस्सी. झाला कसा. वरच्या मजल्यावर एकाने विचारले की साहेबांनी माझे लिहिणे का काढून घेतले, म्हणजे वरून कोणाचा तरी दाब आलेला दिसतो. गंगुबाईंनी चहा ठेवला, पाठीवरून हात फिरवला आणि म्हणाल्या की तू भोळा आहेस रे, त्यांनी तुला काय दिले ते तरी सांग.

पंधरा खोल्या झाल्या. तेरा ठिकाणी मला सांभाळून राहायला सांगितले.

आज आईने कोबीचे भानोळे केले होते. मी जेवायला बसल्यावर ती वाढता वाढता खाली वाकली आणि हळूच विचारले की खरे सांग, त्या माणसाने तुला दम दिला का. मी हात आवरला आणि तिला पुन्हा पहिल्यापासून सगळे सांगितले, त्याच्या आईने वाटीत वरून ओतलेल्या कॉफीपर्यंत. तिने सगळे ऐकले. मान हलवली. मग उठून दार लावून घेतले आणि म्हणाली, आता सांग.

उद्या उरलेल्या नऊ खोल्या.

लोभ असेल तेवढा असू दे. मी मोजत नाही.

तुझा,
गुरुदत्त